पहूरची सुपारी

पिंपळनेर, ९ फेब्रुवारी

चि. भाविकास हिलालनानाचे आशीर्वाद. फोन केला की तू रेंज नाही म्हणून ठेवतेस, म्हणून पत्र. याला रेंज लागत नाही.

पहूरचं स्थळ पक्कं केलं. मुलगा नवल, घर चांगलं. येत्या बावीसला, रविवारी, सुपारी फोडू. त्यांची एकच अट शे, तू जळगावची नोकरी सोडायची. तुझं ते यंत्र दिवसभर गार टाकीत बसतं आणि काहीच करत नाही, असं तूच म्हणालीस. त्याची राखण करायला इंजिनिअर कशाला, कुत्रं पुरे. असली वस्तू आपल्याकडेही शे, तुझी मंदाकाकी. लग्न झाल्यापासून माझ्यापुढे हूं की चूं नाही.

लोभ आहेच, तो आज्ञा पाळून वाढवावा.
तुझा नाना

जळगाव, १३ फेब्रुवारी

ती. नानांस भाविकाचा शिरसाष्टांग नमस्कार. पत्र वाचून आधी रडले, मग कुत्र्यापाशी हसू आलं.

नाना, त्या टाकीत सुपरकंडक्टरची फीत आहे, उणे एकशे शहाण्णव अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेली. एरवी ती वीज मुकाट्यानं जाऊ देते, असून नसल्यासारखी. पण कुठे शॉर्टसर्किट होऊन करंटचा लोंढा आला, की डोळ्याचं पातं लवायच्या आत अडून बसते. लोंढा ओसरतो, सबस्टेशन वाचतं. मग पुन्हा गार होऊन पहिल्यासारखी गप्प. बावीसलाच आम्ही मुद्दाम शॉर्टसर्किट करून तिची परीक्षा घेणार. हे काम मी उभं केलंय. मी येणार नाही, नोकरीही सोडणार नाही.

हे पत्र काकीला मोठ्यानं वाचून दाखवा. रागावलात तरी लोभ कमी करू नका.
आपली भाविका

पिंपळनेर, १७ फेब्रुवारी

चि. भाविकास आशीर्वाद. वाचून दाखवलं. काकी भाकरी थापत होती, मान हलवली, बस. सुपारी तुझ्यावाचूनही फुटते.
नाना

पिंपळनेर, २४ फेब्रुवारी

लाडक्या भाविकाला काकीचा गोड पापा. अक्षर वाकडं आहे, चालवून घे.

रविवारी पाहुणे आले, चहा झाला, ताट मधे आलं. नाना अडकित्ता शोधायला उठले. तो माझ्या कमरेलाच होता. ताटातली सुपारी मी उचलली, बारीक कातरली, पानात घातली आणि बठ्ठ्या पाहुण्यांसमोर खाऊन टाकली. मग म्हटलं, "पोरगी नोकरी सोडणार नाही. आता बोला."

नवल तेवढा हसला. अट त्याच्या बापाची होती म्हणे. जाताना तुझं यंत्र बघायला येऊ का, असं विचारून गेला. यायचं की नाही ते तूच सांग.

नानांनी दोन दिवस तोंड फुगवलं. आज मी पुन्हा गप्प झालेली बघून त्यांनी हळूच चहा मागितला. दिला.

तुझी फीत पास झाली का, ते कळव. मी झाले.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी काकी