सातव्या खोक्यापासून पुढे

५ मार्च

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे मजेत, मी सोडून. पाडलेल्या मोठ्या चर्चचा इतिहास लिहायचं काम नगरपालिकेच्या दफ्तराने माझ्या गळ्यात मारलंय, हे तुला ठाऊकच आहे. चर्चच्या जागी आता बसथांबा आहे. वाटलं होतं, काहीच उरलं नसेल. पण परवा गोदामात बारा खोकी सापडली. आत मोठ्या ऑर्गनच्या नळ्या! बाबांनी आणि तू उतरवून, आकडे घालून भरलेल्या.

आनंद एक दिवस टिकला. गोदाम रिकामं करायचंय. दुसऱ्या गावच्या चर्चने तीस वर्षांपूर्वी त्या नळ्या जोडायला नेल्या होत्या. त्या जुळेनात म्हणून परत पाठवल्या. त्या जुळतात हे २५ तारखेपर्यंत दाखवलं नाही, तर सगळ्या भट्टीत वितळणार. फायलीत शेरा आहे की, कारागिराच्या हलगर्जीमुळे निरुपयोगी. कारागीर म्हणजे आपले बाबा! आकडे कसे घातले होते, तेवढं लगेच कळव.

वहिनीला नमस्कार. मायेत कमी करू नकोस.

तुझी,
ठेंगू

११ मार्च

चि. ठेंगूस,
अनेक उ. आ.

पत्र पोचलं. माझे गुडघे कुरकुरतात, आणि तुझी वहिनी साखरेचा डबा रोज नव्या जागी लपवते. बाकी क्षेम.

तुझ्या इतिहासासाठी लिही, की त्या चर्चमध्ये ऑर्गन दोन होते. वेदीजवळचा लहान, आवाजाने मवाळ. तो आधीच विकला गेला होता, मी एकट्याने उतरवला. मोठा वर सज्जात, नळ्यांच्या वीस रांगांचा, एका रांगेत लांबपासून आखूडपर्यंत सगळ्या एकाच घडणीच्या. त्याच्या भात्याचं चामडं उंदीर खात, म्हणून बाबा दर महिन्याला शिडी चढत. त्याचा खालचा सूर लागला की बाकं थरथरत. पाडकाम सुरू झालं तेव्हा बाबा तीन दिवस जेवले नव्हते.

आकड्यांचं आता काय आठवणार? जुनं उकरून काढू नकोस. तब्येतीला जप. आशीर्वाद आहेतच.

तुझा,
दादा

१५ मार्च

ती. दादास,
सा. न.

तुझ्या पत्रात साखर आहे, उंदीर आहेत, मी विचारलं तेवढंच नाही. ताकाला जाऊन भांडं का लपवतोयस?

दफ्तराच्या सुताराला घेऊन मी नळ्या जमिनीवर मांडल्या. पहिल्या सहा खोक्यांत खालच्या सुरांच्या लांब नळ्या, पुढच्या सहांत वरच्या सुरांच्या आखूड. एकाच रांगेचा आकडा असलेल्या नळ्या शेजारी ठेवल्या, तर लांब नळ्या जाडजूड आणि आखूड सुईसारख्या बारीक. धड एकाचं, शिर दुसऱ्याचं. गोदामप्रमुख हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरं सांग, शेवटी शेवटी बाबांचं काही चुकायला लागलं होतं का? दहा दिवस उरलेत. माझा जीव टांगणीला लागलाय.

ठेंगू

१९ मार्च

चि. ठेंगूस,
आ.

बाबांचं काही चुकलं नव्हतं. चुकलो मी.

लांब नळ्यांवर बाबांनी आकडे घातले, आखूड नळ्यांवर मी. मोठ्या ऑर्गनच्या रांगा पुढून, वाजवणाऱ्याच्या बाजूने मोजायच्या. लहान ऑर्गन मागून उघडायचा, त्यामुळे त्याच्या रांगा भिंतीकडून मोजत. तो नुकताच उतरवला होता. हाताला तीच सवय लागली आणि मी मोठ्यालाही भिंतीकडून मोजलं. सातव्या खोक्यापासून पुढे माझी पहिली रांग म्हणजे बाबांची विसावी.

नळ्या जुळत नाहीत, असं त्या दुसऱ्या चर्चचं तक्रारीचं पत्र बाबांना आलं तेव्हा मला क्षणात उमगलं. पण मला नुकतीच ऑर्गनच्या कारखान्यात नोकरी लागली होती. मूग गिळून बसलो. बाबांनी पत्र वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि पुन्हा हत्यारं हातात घेतली नाहीत. चूक कोणाची, हे त्यांना कळलंच नाही. ते गेले तेव्हाही मी बोललो नाही. लाज वाटते, ठेंगू. पुस्तकात माझं नाव घाल.

दादा

२६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नळ्या वाचल्या! तुझं पत्र तेविसाला आलं, चोविसाला आम्ही सातव्या खोक्यापासूनच्या रांगा उलट्या धरल्या. वीसच्या वीस जुळल्या. सुताराने तोंडाने फुंकून चार सूर वाजवले. गोदामप्रमुखांनी काल सही केली, आता खोकी संग्रहालयात जाणार.

तुझा राग आला होता, खोटं कशाला बोलू? तो शेरा खोडून घ्यायचा म्हणून मी फाईल तळापर्यंत चाळली. तिथे बाबांच्या अक्षरातलं एक पत्र निघालं, तक्रारीनंतर आठच दिवसांनी लिहिलेलं. वर पोचल्याचा शिक्का आहे, उत्तर कुणी दिलेलं नाही. त्यात लिहिलंय, की सात ते बारा नंबरच्या खोक्यांतल्या रांगा भिंतीकडून मोजल्या गेल्यात, चूक सर्वस्वी माझी आहे, बोलवाल तेव्हा येऊन जुळवून देतो.

त्यांना सगळं माहीत होतं, दादा. मी तिथेच बसून रडले.

ते पत्र मी टपालाने पाठवणार नाही. तू गुडघे घेऊन ये आणि माझ्यासमोर वाच. पुस्तकात काय लिहायचं तेही तेव्हाच ठरवू. पण शेवटची ओळ आजच कळवते, नाहीतर तुला झोप लागायची नाही. पुढच्या कामांना माझ्या मुलाला बोलवावं, त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, असं बाबांनी सहीच्या वर लिहिलंय.

वाट पाहते.

तुझीच,
ठेंगू