मागच्या पानावर खुनी सांगू नये

मी, कोर्टासमोरच्या गाळ्यात चौतीस वर्षं टंकलेखन केलेली आणि पदरमोड करून नऊ रहस्यकथा छापलेली बाई, वय बहात्तर, डोकं ठिकाणावर असताना हे लिहून ठेवते. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. उलट पुस्तकं आपल्या गळ्यात पडतील या धास्तीने नातेवाईक फिरकतच नाहीत.

कलम १. दोन खोल्यांची राहती जागा लेकीला. पलंगाखालचे खोके तिने निदान वर्षभर रद्दीत घालू नयेत. पहिल्या पुस्तकाच्या मी एकदम हजार प्रती काढल्या, कारण छापखानेवाला म्हणाला, "ताई, हजार घेतल्या तर स्वस्तात पडतात." नव्या लेखकाने आधी शंभर काढाव्यात आणि आपला पलंग किती उंच आहे ते बघावं.

कलम २. लिहिण्याचं टेबल जावयांना. माझं पहिलं मुखपृष्ठ त्यांनी फुकट काढून दिलं. त्यांनी काढलेला रक्ताळलेला सुरा हुबेहूब गाजरासारखा दिसत होता, म्हणून वाचनालयाने पुस्तक पाककृतींच्या कपाटात ठेवलं. खोटं कशाला बोलू, तिथून ते बरंच वाचलं गेलं. तरीही मुखपृष्ठ घरच्या माणसाकडून करून घेऊ नये, कारण नंतर नावं ठेवता येत नाहीत. मी आज ठेवते आहे, कारण ते हे वाचतील तेव्हा मी हाती लागणार नाही.

कलम ३. हिरवी वही पुतणीला. ती चोरून कथा लिहिते आणि कोणाला पत्ता नाही अशा समजुतीत आहे. वहीत मला पत्रं पाठवणाऱ्या दोनशेबारा वाचकांचे पत्ते आहेत, आणि हीच माझी खरी इस्टेट. पोरी, ओळखीची माणसं पुस्तक भेट मागतात आणि उघडतही नाहीत. विकत घेऊन वाचतो तो अनोळखी माणूस. त्याच्या पत्राला उत्तर दे. दर वेळी "नवीन पुस्तक आलंय" म्हणून पिच्छा पुरवू नकोस, कधी नुसता गुडघा कसा आहे तेही विचार.

कलम ४. बँकेत उरेल ते पुतणीच्या पहिल्या पुस्तकाच्या मुद्रितशोधनासाठी. मी माझं स्वतःच तपासलं, आणि दुसऱ्या प्रकरणात मेलेला मुनीम चौथ्यात चहा मागतो.

कलम ५. कोपऱ्यावरच्या पुस्तकविक्रेत्याला काहीही नाही. कारण त्याला ठाऊक आहे.

कलम ६. दहाव्या कादंबरीचं हस्तलिखित, लाल पेन्सिलीसह, माझ्या थोरल्या जाऊबाईंना. त्या शिवणकाम करतात. दुसरं पुस्तक छापायला जाण्याआधी त्यांनी मागच्या पानावरचा, म्हणजे मलपृष्ठावरचा, मजकूर वाचला आणि म्हणाल्या, "अगं, इथेच खुनी सांगून टाकलायस की! आत कशाला कोण जाईल?" मी म्हटलं, "जाऊबाई, तुम्ही आपलं शिवण बघा." पुस्तक तसंच छापलं. आत कोणी गेलं नाही. त्याला अकरा वर्षं झाली. आम्ही लग्नाकार्यात भेटतो, तब्येतीचं विचारतो, पुस्तकाचा विषय काढत नाही. त्यांचं बरोबर होतं आणि मी चुकले. हे मला तोंडाने म्हणता येईना, म्हणून कलमात घातलं. त्यांनी वाचल्याशिवाय ही कादंबरी छापू नये.

दुरुस्ती. वकिलांनी वरचा मजकूर वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "बाई, जाऊबाईंचं वय काय?"

"एकोणऐंशी."

"मग त्याच आधी गेल्या तर?"

हजारो मृत्युपत्रं टाइप केली, पण हा हिशेब माझ्या ध्यानात आला नव्हता. सबब कलम ६ रद्द. हस्तलिखित मी स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिलं आणि "माझं चुकलं" हेही उंबऱ्यातच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "आत ये आधी." त्यांना आता मृत्युपत्रातून काही मिळत नसल्याने साक्षीदार म्हणून सही करायला हरकत नाही, असं वकील म्हणतात.

लिहून ठेवणार: सही
ठिकाण: जाऊबाईंचं शिवणयंत्र, कापड बाजूला सारून
दिनांक: चौदा, मंगळवार

साक्षीदार पहिले: वकील, सही

साक्षीदार दुसरी: थोरली जाऊ, सही. मागचं पान आधी बघितलं, कोरं ठेवलंयस. साठ पानं झाली, खुनी अजून सापडला नाही. पुढचं वाचून होईपर्यंत दोघींपैकी कोणी मरायचं नाही.