मैनेची बटणं

५ जानेवारी, सोमवार

आज मैनेनं स्वेटरची बटणं स्वतः लावली! सगळी! नऊ वर्षांची मुलगी — लोक म्हणतील त्यात काय विशेष. मी किती महिने मागे लागले होते ते मला ठाऊक. तिच्या बोटांत धरता यावीत म्हणून ह्यांच्या जुन्या कोटाची मोठी बटणं उसवून तिच्या स्वेटरला लावली — नवी कशाला आणायची? देवापुढे चमचाभर साखर ठेवली. हे कामावरून आले तेव्हा ती झोपली होती. सांगितलं. "बरं झालं," म्हणाले, आणि जेवायला बसले.

६ जानेवारी

तिला आणायला शाळेत गेले होते. मदतनीस बाई वर्गात तिच्याजवळ बसतात, त्यांच्यामुळेच पोर शाळेत टिकली. हौसेनं त्यांना बटणांचं सांगितलं, तर त्यांचा चेहराच उतरला.

"अहो ताई, सोमवारी तपासणी आहे हिची! काय काय येतं त्याचे गुण घालतात. गुण जास्त पडले की मदतनीस बंद. मग एवढ्या मुलांत एकटी बसेल ही."

"आणि कमी पडले तर?"

"तर मी आहे."

म्हणजे पोर शिकली की तिलाच शिक्षा!

७ जानेवारी

जाऊबाईंना फोन केला. खो खो हसल्या. "पोरगी नापास व्हावी म्हणून देवाला साकडं घालणारी तूच पहिली ग!" मीही हसले. फोन ठेवल्यावर घर फारच शांत वाटलं. ह्यांना विचारलं तर, "तुला कळतं त्यातलं, तू बघ." मॅट्रिकपर्यंत शिकले मी, पण हे कुठल्या इयत्तेत होतं?

८ जानेवारी

देवापुढे बसले. काय मागायचं तेच सुचेना. उगीच तेल जाळलं.

१० जानेवारी, शनिवार

तिला शिकवलं. पाहुण्या बाई आल्या की बटणं लावायची नाहीत, 'येत नाही' म्हणायचं. तिला खेळच वाटला. मी स्वेटर पुढे केला की ही हात मागे बांधते — "येत नाई!" शाबास ग माझी मैना! टाळ्या पिटल्या मी. बटणं लावली त्या दिवशीसुद्धा एवढ्या पिटल्या नव्हत्या.

१२ जानेवारी

झाली तपासणी. तपासणीच्या बाई खडूस निघाल्या असत्या तर बरं झालं असतं. किती मायेनं विचारत होत्या — "लाव बरं बाळ, मला काही घाई नाही." मैनेनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली — एवढीशीच.

"येत नाई!"

बाईंनी लिहून घेतलं. जाताना मला म्हणाल्या, "घरी थोडं शिकवत जा हो तिला."

"हो," म्हणाले.

२१ जानेवारी

मदतनीस मंजूर! तीन वर्षं काळजी नाही. मदतनीस बाईंनी माझे हात धरले. घरी येऊन साखरेचा डबा उघडला आणि तसाच बंद केला.

२३ जानेवारी

मैना स्वेटर उघडा टाकून फिरते. 'लाव ग' म्हटलं की "येत नाई!" आणि टाळ्यांची वाट बघते. आज ओरडले, तर भेदरली. मग मीच लावली. शाळेत बाई लावतात. म्हणतात, "येईल हो हळूहळू." काय येईल? आलंच होतं की!

हे कुणाला सांगू? देवाला तर तोंड दाखवायची सोय नाही.

२५ जानेवारी, रविवार

दुपारी खोलीत डोकावले. मैना भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि बटणं लावत होती — वरपासून खालपर्यंत, एकही न चुकता. माझी चाहूल लागली तशी दचकली. भराभर सगळी सोडली. हात मागे बांधले, आणि माझ्याकडे बघून हसली.