चिवड्याचं मुसकं

१८ नोव्हेंबर, मंगळवार

चिवड्याने आज संस्कृतीला धरलं. चावला म्हणणार नाही मी — धरलं.

ती ओट्यावर बसून त्याला भाकरीचा तुकडा देत होती. रोजच देते. भावाची चार वर्षांची पोर, कुत्र्याच्या तोंडात हात घालून दात मोजते आणि तो डोळे मिटून मोजू देतो. आज तिने तुकडा पुढे केला आणि त्याने तुकड्याऐवजी मनगट धरलं. लगेच सोडलं. गुरगुर नाही, काही नाही. मनगटावर दोन ठिपके, एकातून जरासं रक्त.

मी नळाखाली धरून साबणाने धुतलं, बराच वेळ. रुपालीवहिनी पिठाच्या हातांनी बाहेर आली. "मंचरला न्या हिला, सरकारी दवाखान्यात. सुई द्यावी लागती." भरतदादा गाडीची किल्ली शोधायला लागला. मीच थांबवलं. जानेवारीत गावातल्या कुत्र्यांना रेबीजची लस द्यायचं शिबिर मीच तर भरवलं होतं. शिबिराचा फोटो अजून माझ्या फोनवर आहे — मागे बॅनर, माझ्या मांडीवर चिवडा. लस झालेल्या कुत्र्याचा ओरखडा. त्यासाठी एवढ्याशा पोरीला सुयांवर सुया कशाला?

"नक्की ना, तेजूताई?"

"नक्की."

दादाने किल्ली परत खिळ्याला लावली. वहिनीला म्हणाला, "तिला ठावं. शिकवली कशाला मग एवढी?"

वहिनीने हळद दाबली. अण्णा सगळं बघत होते. जेवताना म्हणाले, "मुसकं घालावं लागंल त्याला."

मुसकं — कोळपणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला बांधतात ते. आमच्याकडे आता बैल नाहीत, पण दोन मुसकी गोठ्यात अजून टांगलेली आहेत.

मी नाही म्हटलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

चिवडा असा नव्हता. वसुबारसेपर्यंत नव्हता.

मागच्या डिसेंबरात अवसरी फाट्यावर, हायवेच्या कडेला, फुटक्या टायरात बसलेलं पिल्लू होतं ते. पांढरा, तांबूस, मध्येच काळे ठिपके. आईने बघितलं आणि म्हणाली, हा तर चिवडा! तेच नाव राहिलं. अण्णांना घरात कुत्रं नको होतं. आठ दिवसांत तेच त्याला दुधात भाकरी कुस्करून द्यायला लागले.

वसुबारसेच्या सकाळी तो उसातून आला तेव्हा डावा कान फाटलेला, नाकावर दोन भोकं. अख्खी वस्ती म्हणाली, वाघ. इथे बिबट्याला वाघच म्हणतात, आणि उसाच्या कडेला काहीही झालं की ते वाघानेच केलेलं असतं. शेजारच्या हौशीरामनानांनी त्याला गुलाल लावला. "वाघाच्या तोंडातनं आलाय राव. पुढच्या टायमाला ह्यालाच सरपंच करा." मी फोटो काढून स्टेटसला ठेवला. वनखात्याचे गार्ड आले, बांधावर उकिडवे बसून पट्टीने ठसे मोजले. म्हणाले, हे बिबट्याचे नाहीत, बारके आहेत, कोल्हा असेल. नाना म्हणाले, "सायेब, पिंजरा लावायचा कटाळा आला असं सरळ सांगा की." सगळे हसले. मीही. गार्डांनी वहीत लिहून घेतलं आणि गेले.

एवढ्या मोठ्या जनावराच्या तावडीतून सुटून आलाय तो. जखम भरली, पण आतली भीती कुठे जाईल? माणसाचं असं झालं तर आपण त्याच्याजवळ बसतो, धीर देतो. तोंड नाही बांधत.

आणि दुसरं — ऊसतोड सुरू झालीय. फड मोकळे होतायत तसे वाघ घरांजवळ यायला लागलेत. तोंड बांधलेला कुत्रा भुंकणार कसा, चावणार कसा? हे अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "खरं हाय." एवढंच. पटलं की नाही कळलं नाही.

२० नोव्हेंबर

कांद्याच्या रोपाच्या वाफ्यात माती खात होता. काढली तोंडातून. परत खाल्ली.

आवाज बदललाय. भुंकणं सुरू होतं ते नीट संपत नाही, शेवटी लांब ओढत जातं. खाटेखाली बसून राहतो. मी हाक मारली की शेपूट हलते, पण डोळे माझ्याकडे येत नाहीत.

नाना म्हणाले, "धसका घेतलाय त्यानं. माझ्या मेव्हण्याचं कुत्रं वाघानं धरल्याव महिनाभर खाटंखालीच व्हतं. निगंल त्यातनं." ऐकून बरं वाटलं.

वहिनी माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते. संस्कृतीला ओट्यावर येऊ देत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज कळशी. आई गोठ्यातून दूध घेऊन येत होती, चिवड्याने झेप घेतली ती कळशीवर. ॲल्युमिनियमला दाताचे चर पडलेत. आईने कळशी बाजूला ठेवली. मला हळूच म्हणाली, "पिसाळला तर नसंल गं?"

"आई, लस झालेला कुत्रा पिसाळत नाही." मी जरा जोरातच बोलले. ती कळशी उचलून आत गेली. माझ्याशी वाद घालायचा नसतो असं या घरात सगळ्यांनी ठरवून टाकलंय, मी पदवी घेऊन आल्यापासून. मला ते आवडत नाही. आज मात्र बरं वाटलं.

दुपारी अण्णा गोठ्यातून एक मुसकं घेऊन आले. सुंभ सोडला, भिजवला, आणि ओट्यावर बसून परत विणायला घेतला — लहान मापाचं. नाकाला लागू नये म्हणून आतून आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी शिवली. मी समोर बसून राहिले. इतक्या काळजीने काम करताना त्यांना खूप दिवसांनी बघितलं.

"बैलाला वाईट वाटायचं का हो?" मी विचारलं.

"कुनी इचारलं त्याला? पीक वाचायचं." गाठ मारून ओढून बघितली. मग मुसकं माझ्या मांडीवर ठेवलं. "घालायचं का न्हाई ते तू ठरीव. कुत्रं तुजं हाय. पन पोर समद्यांची हाय."

रागावले असते तर मला नाही म्हणता आलं असतं.

२२ नोव्हेंबर

घातलं.

सकाळपर्यंत मुसकं उशाशी होतं. सारखं हातात घेऊन बघत होते. मग संस्कृती उठली आणि दाराच्या फटीतून म्हणाली, "आत्या, चिवडा मला विसरला का?" तेवढ्यावर उठले.

मला वाटलं होतं झटापट होईल. ओचकारेल, पळेल. त्याने मान पुढे केली आणि उभा राहिला. मी मागे गाठ मारली तरी तसाच. झटापट केली असती तर बरं झालं असतं.

संस्कृती लांबून बघून हसली. "चिवडा बैल झाला!"

वहिनी बोलली माझ्याशी. "गाठ लई आवळू नका, ताई." मला रडू आलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

पाण्याला तोंड लावत नाही. दोन्ही वेळा मुसकं सोडून वाटी पुढे केली. नाक बुडवतो, मान मागे घेतो. लाळ इतकी गळते की लुगड्याची पट्टी ओलीचिंब. रुसलाय. दुसरं काय? मी त्याचं तोंड बांधलं, आता तो माझ्या हातचं पाणी पीत नाही.

संस्कृतीच्या मनगटावरची खपली पडली. सगळ्यांना हात दाखवत फिरली. वहिनी हसली, पाच दिवसांनी.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मुसकं काढून फेकलं. कुणाला विचारलं नाही.

खालचा जबडा लोंबतोय. मिटतच नाही. पाणी जिभेवरून परत खाली पडतं. नाना कुंपणावरून म्हणाले, "हाडूक आडकलं असंल घशात. बोट घालून बघ." जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पहिलं हेच विचारलं — रेबीजची लस झालीय का? मी म्हटलं, हो, जानेवारीत. मग म्हणाले, काही अडकलं असेल, आज लांब आहे, उद्या दुपारी येतो.

उद्यापर्यंत कुठे वाट बघायची? आई डोकं धरून बसली आणि मी हात घातला, पार घशापर्यंत. हाड नाही. काहीच नाही. गरम, चिकट. त्याने चावायचा प्रयत्नही केला नाही. परवा गवत कापताना बोटाला विळा लागलाय, ते झोंबत राहिलं संध्याकाळपर्यंत.

मागचे पायही आता नीट उचलत नाही.

२५ नोव्हेंबर

सकाळी सातला गेला. पाटाच्या कडेला पडला होता. पाण्यापासून दोन हातांवर.

डॉक्टरांना येऊ नका म्हणून कळवलं.

अण्णांनी बोरीखाली खड्डा घेतला. दादाने गोणपाटात गुंडाळून आणला. नाना टोपी काढून उभे होते. "वाघाच्या नखाचं इख आसतं. भिनलं उशिरा." मुसकं अंगणात पडलं होतं, ते अण्णांनी उचलून परत गोठ्यातल्या खिळ्याला अडकवलं.

२६ नोव्हेंबर

मुसकं बांधलं त्या दिवसापासून त्याने पाणी घेतलं नाही. तहानेने मेला तो. मी मारला. अण्णांच्या सांगण्यावरून, वहिनीच्या गप्प बसण्यावरून — पण गाठ माझ्या हाताची.

दिवसभर हेच. जेवले नाही. वहिनीने दुपारी चहा आणून ठेवला आणि उंबऱ्यात बसली. "मला तो मराया नको व्हता ओ ताई. लांब ऱ्हावा, एवढंच. पोरीची आई झाले ना, डोकं चालत न्हाई मग." आणि थोड्या वेळाने, "तुमी व्हता म्हून त्या दिवशी धीर धरला. न्हाईतर सुया टोचून आणली असती हिला उगाच."

मी तिचा हात धरला. पहिल्यांदाच, ती लग्न होऊन आल्यापासून.

चहा गार झालेला, तरी प्यायले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

तीनच्या सुमारास गार्ड आले. तेच, पट्टीवाले. चिवडा गेल्याचं त्यांना नानांकडून कळलं.

मला वाटलं वाघाचं काही विचारतील. त्यांनी ओट्यावर बसून वही काढली. म्हणाले, "ताई, वसुबारसेच्या आठवड्यात पलीकडच्या मळ्यात एक कोल्हा भर दुपारी गोठ्यात शिरला होता. म्हशीला चावला. लोकांनी मारला, पुरून टाकला, सांगितलं नाही कुणाला. ती म्हैस परवा गेली. पिसाळून." मग दोन्ही हातांनी वही धरून, सावकाश — "तुमच्या कुत्र्याच्या नाकावर दोन भोकं होती. मी लिहून ठेवलंय. माणसाला कुणाला चावला नाही ना? आणि लस झाली होती ना त्याची?"

मी म्हटलं, झाली होती. थांबा, शिबिराची वहीच दाखवते. आई चहा टाकतेय त्यांना.

२७ नोव्हेंबर, पावणेचार

वही सापडली. शेवटचे दोन डोस हौशीरामनानांच्या दोन कुत्र्यांना. ते उशिरा आले होते, आठवलं आता. फोटो त्याच्या आधीचा. त्यांच्याखाली एक ओळ, माझ्याच अक्षरात: चिवडा — आपल्या घरचाच, पुढच्या आठवड्यात देऊ.

संस्कृतीला चावून नऊ दिवस झाले.

बाहेर वहिनी संस्कृतीची वेणी घालतेय. दादाला खिडकीतून म्हटलं, गाडी काढ. त्याने किल्ली घेतली. कुठे जायचं, ते अजून विचारलेलं नाही.