सोरिंगच्या नावाची मेणबत्ती

मियागाव, इलोइलो
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय सोरिंग,

कशी आहेस? घरचे सगळे बरे ना? विनिपेगला सध्या बर्फाचे ढीग असतील. इथे मी चर्चमधली सकाळची मिसा आटोपून पडवीत बसले आहे आणि तरी घाम पुसते आहे.

माझं अक्षर तू पाकिटावरच ओळखलं असशील. ओळखून ते बाजूला ठेवायचा विचार असेल, तर आधी सोबतचे कुरकुरीत बिस्कोचो खा आणि मग ठरव. टपालावर माझा भरवसा नाही, म्हणून हे बुर्स्योच्या पुतणीच्या हाती देते आहे. ती तुमच्याच गावात नोकरीला असते, नाताळाला आली होती, गुरुवारी परत निघते. बुर्स्यो म्हणजे आपला तिबुर्सियो गं, मागच्या बाकावरून कागदाचे बाण मारायचा तो. मोठ्या शाळेचा हेडमास्तर होऊन निवृत्त झाला, आता आपल्या बॅचचा अध्यक्ष आहे आणि आम्हाला पाचवीतली पोरं समजून वागवतो.

माझं म्हणशील तर छान चाललंय. माझा नवरा मेलेसियो जाऊन सहा वर्षं झाली. दोन्ही मुलगे जहाजावर असतात, मी थोरल्या सुनेजवळ राहते. सून गुणाची आहे, फक्त माझ्या ताटात मीठ घालत नाही. शाळेत शिकवत सदतीस वर्षं काढली आणि एकाही वर्षाचा पश्चात्ताप नाही. साखर ताब्यात आहे, गुडघे नाहीत.

आपल्या अध्यापक कॉलेजचा मेळावा पंधरा फेब्रुवारीला आहे, ते तुला कळलेलंच आहे. यंदा आपली सुवर्णमहोत्सवी बॅच! रिवाजाप्रमाणे पंचवीस वर्षंवाले यजमान, म्हणजे दोन हजार सालच्या पोरी आपल्याला जेवू घालणार. पोरी कसल्या, सेहेचाळिशीच्या बाया आहेत त्या, पण आम्हाला हाताला धरून जिना चढवतात तेव्हा फार बरं वाटतं. बुर्स्योनं सगळ्यांसाठी पिवळंजर्द कापड आणलंय. "सोनेरी आहे," म्हणतो. कसलं सोनेरी डोंबलाचं! आम्ही ओळीनं उभ्या राहिलो की गिमारासच्या आंब्यांची पेटी उघडल्यासारखं दिसतं. तुझंही माप हवंय. खरं माप पाठव, मनातलं नको. पंचाहत्तर सालचं तर मुळीच नको.

दर शनिवारी चा-चा-चा नाचाची तालीम असते. अकरा बायका, पाच पुरुष, आणि त्या पाचांपैकी दोघांना डावा पाय कुठला ते आठवत नाही. पण हसून हसून पोट दुखतं. या वयात आठवड्यातून एकदा असं हसायला मिळतंय, अजून काय पाहिजे?

सकाळच्या सत्रात दरवर्षी आपल्यातलेच काही जण शिक्षणशास्त्राच्या मुलींसमोर नमुना पाठ घेतात. तूही घेणार आहेस असं तू अर्जात लिहिलंस, आणि ऐकूनच मुलींनी पुढच्या जागा धरून ठेवल्यात. परक्या देशातून आलेल्या मुलाला शाळेच्या पहिल्या दिवशी काय शिकवायचं, असा तुझा विषय ना? मला तो फार आवडला. चाळीस मिनिटं, खडू आणि फळा. यंत्रं वगैरे काही नकोत असं गुमाबोनबाईंचं फर्मान आहे. होय, बाई अजून आहेत! एक्याण्णव वर्षांच्या. चाकाच्या खुर्चीत बसतात, कानात यंत्र आहे, पण जीभ तीच.

तुझा अर्ज आला तो मागच्या मंगळवारी. माजी विद्यार्थी कचेरीतल्या लिएझेल नावाच्या मुलीनं मला फोन केला.

"मॅडम, एक नाव आलंय. कॉन्सोर्सिया नुफाब्ले, बॅच पंचाहत्तर, विनिपेग."

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"मॅडम, ऐकताय ना? या त्याच ना, ज्यांच्या नावाची रिबन मला मिळाली होती?"

रिबनीचं मग सांगते. घाई काय आहे.

तुला आठवतं, आपण एका बाकावर कशा आलो? निम्म्या मियागावची आडनावं एकाच अक्षरापासून सुरू होतात, त्यामुळे हजेरीत आपलं गावच्या गाव एका कोपऱ्यात. मी नोनातो, मग तू नुफाब्ले. चार वर्षं तुझं कोपर माझ्या बरगडीत. आणि ती खोटी हजेरी आठवते? वाटेत जीपनी गाडी बंद पडली म्हणून मी वेळेवर पोचले नव्हते आणि तू माझा आवाज काढून "हजर!" म्हणालीस. बाईंनी पकडलं. "जिची हजेरी लावलीस ती स्वतः येईपर्यंत दाराबाहेर उभी राहा." मी आले चार वाजता! तू तशीच उभी होतीस, पाय सुजलेले, आणि वर मलाच विचारलंस, "जेवलीस का गं?"

हे मी उगाच नाही लिहिलं.

आता रिबनीचं. सोरिंग, उभी असशील तर बस. तू गेल्यानंतर इथे एक रीत सुरू झाली. मेळाव्याच्या दुपारी बाई आपल्या जुन्या वर्गात जुन्याच वहीतून हजेरी घेतात, माहेरच्या आडनावांनी. जो देवाघरी गेला असेल त्याचं नाव आलं की शेजारच्यानं उठून त्याच्या वतीनं "हजर" म्हणायचं आणि त्याच्या नावाची मेणबत्ती लावायची.

दोन हजार सालापासून तुझ्या वतीनं मी "हजर" म्हणते आहे. पंचवीस मेणबत्त्या झाल्या. कोरोनाच्या दोन्ही वर्षी तर घरी बसून फोनसमोर लावल्या.

हुश्श. लिहिलं एकदाचं.

झालं असं. आपल्या रौप्यमहोत्सवाच्या वेळी बुर्स्यो यादी करत होता. मला म्हणाला, "पेमिंग, मियागावची कोणी नुफाब्ले कॅनडात वारली म्हणे. तिकडे शिक्षिका होती. आपली सोरिंग तर नाही ना गं? तुला नक्की ठाऊक असेल." मियागावात दगड भिरकावला तरी तो कुठल्या तरी नुफाब्लेला लागतो, हे मला कळत नव्हतं? एका फोनचं काम होतं. पण त्याआधीच्या वर्षी मी तुला दोन पत्रं घातली होती आणि तुझं उत्तर नव्हतं. मी बुर्स्योकडे बघून 'तीच' अशी मान हलवली. नुसती मान. त्यानं तुझं नाव त्या बाजूला लिहिलं.

खरं सांगू? मला ते सोयीचं वाटलं. मेलेलं माणूस पत्राला उत्तर देत नाही, त्यात त्याचा राग नसतो. तू जिवंत आहेस आणि मला उत्तर देत नाहीस, हे मला सोसणारं नव्हतं.

बुर्स्यो त्या दिवशी ढसाढसा रडला. एवढ्यावर थांबला असता तर ठीक, पण त्यानं पुढच्याच वर्षी बक्षीस सुरू केलं. नमुना पाठात फळ्यावर ज्या मुलीचं अक्षर सगळ्यात सुंदर तिला 'कै. कॉन्सोर्सिया नुफाब्ले स्मृती' म्हणून जांभळी रिबन आणि खडूंची पेटी. चोवीस मुलींकडे ती रिबन आहे. त्यांतल्या कितीतरी आज डोंगरातल्या शाळांमध्ये शिकवतात आणि तुझ्यासारखा लफ्फेदार अक्षरांचा फळा भरतात. तेवढं एक पुण्य तुझ्या खाती जमा आहे, बये.

दोन हजार अकरा साली सुनेनं फोनवर विनिपेगच्या कुठल्या तरी लग्नाचा फोटो दाखवला. त्यात तू! जांभळा कोट, हातात भाजलेल्या डुकराची कुरकुरीत साल, आणि तोंड भरलेलं. मेलेली बाई इतकी जाडी कशी होईल? मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. देवाशप्पथ, आनंदानं रडले. पण पुढच्या फेब्रुवारीत परत काडी ओढली आणि मेणबत्ती लावली. कोणत्या तोंडानं सांगणार होते? तोवर तुझ्या नावाच्या अकरा रिबनी वाटून झाल्या होत्या.

एवढं सांगितलंय तर मुळातलंही सांगते. शहात्तर साली तू मनिलाच्या जहाजात बसलीस तेव्हा मी धक्क्यावर आले नाही. आई तापानं फणफणलीय असा निरोप पाठवला होता. आई ठणठणीत होती. आपण दोघींनी डोंगरावरच्या शाळेत एकत्र नोकरी मागितली होती आणि तू कॅनडाचे कागद हातात आल्यावर मला सांगितलंस, याचा मला राग होता. राग कसला, हेवाच होता तो. त्या दिवशी मी घरी बसून धुतलेली चादर पुन्हा धुतली. नंतर तुझी तीन पत्रं आली. तिन्ही मला पाठ आहेत. उत्तर एकालाही दिलं नाही, ते दिलं तेवीस वर्षांनी, आणि मग दोन महिन्यांत तुझं उत्तर नाही म्हणून तुलाच मारून मोकळी झाले. तू घर बदललं असशील, इतकं साधं माझ्या डोक्यात आलं नाही.

लिएझेलनं फोनवर तुझा अर्ज शेवटपर्यंत वाचून दाखवला. शेवटच्या रकान्यात तू लिहिलं आहेस, "एउफेमिया नोनातो हयात आहे का? असेल तर मला तिच्या शेजारची जागा द्यावी."

सोरिंग, तू निदान विचारलंस तरी.

मग काल तालमीनंतर, सगळे बाचोय सूपचे वाडगे घेऊन बसलेले असताना, मी उभी राहून सांगून टाकलं. बुर्स्योचा चमचा हवेतच राहिला.

"म्हणजे दोन हजार साली मी जे रडलो, ते कोणासाठी?"

"जिवंत बाईसाठी. त्यात तुझं काय बिघडलं?"

"अगं, दर वर्षी तिच्या आत्म्यासाठी मिसा म्हणवून घेतली मी!"

"म्हणूनच ठणठणीत आहे ती," मी म्हटलं.

एकजण फिसकन हसला आणि मग सगळेच सुटले. बुर्स्यो तर टेबलावर हात आपटत हसत होता, आणि मधेच डोळेही पुसत होता. लिएझेल बिचारी विचारत होती, "मग माझी रिबन परत करायची का?" मी म्हटलं, "येड्ये, जिच्या नावाची आहे ती आता स्वतः येऊन बघेल तुझं अक्षर."

तालीम बघायला आलेल्या गुमाबोनबाई तेवढ्या हसल्या नाहीत. सगळे गप्प होईपर्यंत थांबल्या.

"नोनातो, उभी राहा."

"उभीच आहे, बाई."

"माझ्या वर्गात खोट्या हजेरीला शिक्षा काय?"

"दाराबाहेर उभं राहायचं."

"किती वेळ?"

एकाहत्तर वर्षांची मी, नातवंडांची आजी, आणि माझे हात आपोआप मागे बांधले गेले. "जिची हजेरी लावली ती स्वतः येईपर्यंत, बाई."

बुर्स्यो म्हणाला, "बाई, तिचे गुडघे! निदान खुर्ची तरी..." बाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो परत मागच्या बाकावरचा झाला.

यंदाची मेणबत्ती मी डिसेंबरातच आणून ठेवली होती, तुझं नाव घालून. काल संध्याकाळी वीज गेली आणि सुनेनं तीच शोधून चुलीपाशी लावली. मी तिला अडवलं नाही. तिच्या उजेडात आम्ही मासे तळले आणि पोटभर जेवलो.

तर आता सगळं तुला ठाऊक आहे. रागावली असशील तर तो तुझा हक्क आहे, पण राग घेऊन ये आणि माझ्या तोंडावर बोल. पंधरा फेब्रुवारी, दुपारी दोन, पहिला मजला, जिन्यालगतचा वर्ग. यंदा तुझं नाव बाई जिवंतांच्या यादीतून वाचतील आणि मी तोंड उघडणार नाही. "हजर" तुलाच म्हणावं लागेल, तरच मला आत घेतील. आपलं बाक त्यांनी पुसून ठेवलं आहे. तू आली नाहीस तर मी चार वाजेपर्यंत उभी राहीन, तू राहिली होतीस तितका वेळ. नंतर तुझ्याबद्दल मनात काही ठेवणार नाही.

पण ये गं. आलीस की पहिल्यांदा मीच विचारणार आहे, जेवलीस का म्हणून.

वर्गाच्या दाराबाहेर उभी असलेली,
तुझी
पेमिंग