सांधा क्रमांक अकरा

५ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी ९

वस्तुस्थिती क्रमाने नोंदवतो. ही वही माझ्याखेरीज कोणी वाचणार नाही. तरीही क्रम हवा.

पहिली गोष्ट: उज्जैनचे अवंती धातुकला मंडळ मी स्थापन केले. धातुशास्त्राचा प्राध्यापक म्हणून निवृत्त झालो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. दुसरी: आज मंडळाचे तेवीस सभासद आहेत. सर्व जण आधुनिक घडणीचे दागिने स्वतः घडवतात आणि मंडळाचे सारे काम बिनपगारी, हौसेने करतात. तिसरी: हौस हा दर्जाला पर्याय नव्हे. चौथी: डिसेंबरच्या प्रदर्शनात एका बाईंच्या गळ्यातला आमच्या कोणा सभासदाचा तांब्याचा हार सर्वांदेखत तुटून खाली पडला. सांधा जोडणारे सोल्डर अर्धवट वितळलेले. मी पाच फुटांवर होतो, पण मला तुकडे दिसण्याआधीच आमच्या सभासद मृण्मयीने ते ओढणीत गोळा केले. पाचवी: हार कोणाचा, हे सांगायला अध्यक्ष भय्यासाहेब तयार नाहीत. म्हणाले, "जाऊ द्या हो विनायकराव, दुरुस्त होऊन जाईल."

सबब सहावी गोष्ट: सांधा-परीक्षण नियमावली, कलमे चौदा, लेखक मी. प्रत्येक सभासदाने एक दागिना द्यायचा. मृण्मयी त्याच्या सांध्याचा मोठा फोटो काढेल. फोटोवर केवळ क्रमांक. नावांची यादी भय्यासाहेबांकडे सीलबंद. परीक्षक एकच, मी. चाळीसपेक्षा कमी गुण मिळाल्यास वर्षभर कार्यशाळेत गॅसचा टॉर्च पेटवायचा नाही, किल्ली परत करायची. अपवाद कोणालाही नाही. अपील सचिवाकडे लेखी करावे. सचिव सात दिवसांत उत्तर देईल. सचिव मीच.

कालच्या सभेत शैलेंद्रने शंका काढली. हा सराफ्यातला, घरात चार पिढ्या चांदीची पैंजणे घडवतात, डिग्री एकाकडेही नाही. म्हणाला, "सर, पर्चा भी आप देंगे, कॉपी भी आप ही जाँचेंगे?" म्हणजे परीक्षार्थीही मीच, परीक्षकही मीच. सगळे हसले. मी शांतपणे सांगितले की, माणूस स्वतःची सही ओळखतो तितक्या सहज मी माझा सांधा ओळखेन आणि तो तेवढा भय्यासाहेबांकडे तपासायला देईन.

"पहचान लेंगे, सर?" त्याने विचारले.

या वेळी कोणी हसले नाही. हे खटकले.

१४ जानेवारी. संक्रांत

चांदीचे कडे घडवायला घेतले. संकल्प: रोज सहा तास.

या वर्षीचा गॅस निकृष्ट आहे. ज्वाळेच्या पोटातला निळा शंकू दिसतच नाही. एजन्सीला तक्रार धाडली, दोन पानी.

सकाळी चहा बशीत ओतला गेला. पांढरा कप, पांढरी बशी, पांढरा टेबलक्लॉथ. डिझाइनचा दोष.

वासंतीचे पुन्हा तेच: "अहो, एकदा डोळे दाखवून या ना. जयूताईंचा मोतीबिंदू अर्ध्या तासात निघाला. दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडत बसल्या होत्या."

मी तांदूळ निवडत नाही. शिवाय कोपऱ्यावरच्या त्या डोळ्यांच्या डॉक्टरने दवाखान्याची पाटी तिरकी लावली आहे. ज्याला स्वतःची पाटी सरळ दिसत नाही, त्याच्या हाती मी डोळा देणार नाही. माझ्या चष्म्याची काच जर्मन आहे.

१७ जानेवारी

काम शून्य तास. ढग.

२९ जानेवारी, बुधवार

कडे पूर्ण. सोल्डर वितळते त्या क्षणी सांध्यातून एक चकाकती रेघ धावते. ती दिसली की ज्वाळा काढायची. आज दिसली नाही. चाळीस वर्षांच्या अनुभवानंतर ती दिसण्याची गरज नसते. अदमासाने ज्वाळा काढली. सांध्यावरून नख फिरवले. नख अडले. नखे कापायला हवीत.

कडे जमा करताना शैलेंद्रने ते बोटांत फिरवले आणि हलक्या आवाजात म्हणाला, "सर, एक बार फिर गरम कर लें? मैं पकड़ लेता हूँ।" मत्सर माणसाला किती नम्र करतो!

कार्यशाळेत आणखी दोन बदल आढळले. तेजाबाच्या बरणीला कोणीतरी लाल फडके बांधले आहे. माझी खुर्ची भिंतीपासून हलवून खिडकीशी ठेवली आहे. परवानगी कोणी दिली? विचारले. सगळे आपापल्या कामात एकाएकी गढून गेले.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी

फोटो आले. मृण्मयीच्या प्रिंटरची शाई संपत आलेली दिसते. सगळ्यावर पिवळट धुके. भिंग घेऊन, फोटो नाकाला लागेपर्यंत जवळ धरून एकेक तपासला. तत्त्वाचे काम आहे.

क्रमांक चार पाहताच ओळखला. केसाइतका बारीक, सलग, कुठे थेंब नाही, कुठे फट नाही. माझाच. डोळ्यांत पाणी आले. हल्ली दिव्याच्या झोतानेही येते, पण हे निराळे होते. नियमाप्रमाणे बाजूला ठेवला.

क्रमांक अकरा. शेरा जसाच्या तसा उतरवून ठेवतो: "हा सांधा नव्हे, अपघात आहे. अर्धी फट कोरडी. उरलेल्या अर्धीवर सोल्डर बर्फीच्या वर्खासारखे चिकटवलेले. घडवणाऱ्याला एकतर दिसत नाही किंवा त्याला लाज नाही. दोन्ही परिस्थितींत त्याच्या हाती जाळ देणे इतरांना धोक्याचे. गुण अठरा."

हे शैलेंद्रचे काम असावे. वाईट वाटले. फार नाही.

१३ फेब्रुवारी

भय्यासाहेबांना गुण दिले. त्यांनी यादीचे सील फोडले, वाचले, पुन्हा वाचले आणि पाणी प्यायला आत गेले. बराच वेळ आले नाहीत.

संध्याकाळी तेच आमच्या स्वयंपाकघरात वासंतीशी बोलत होते. मी आत जाताच दोघे मेथीबद्दल बोलू लागले. भय्यासाहेब मेथी खात नाहीत.

मृण्मयीने तीन फोन उचलले नाहीत. मग मेसेज: "सर, गुण पुन्हा एकदा बघायचे का?" उत्तर दिले की परीक्षक एकदाच बघतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

ग्रुपवर चार दिवस शुकशुकाट. एरवी सकाळी सकाळी वीस नमस्कार येतात. माझ्याशिवाय दुसरा ग्रुप निघाला आहे, यात शंका नाही.

कार्यशाळेत टॉर्च पेटवला आणि शेजारी टांगलेल्या टॉवेलने पेट घेतला. मला वास आला, तोवर शैलेंद्रने तो उघड्या हाताने दाबून विझवला होता. "कुछ नहीं सर, बस तौलिया था," म्हणाला. त्याच्या तळहातावर फोड आले. टॉवेल टांगण्याची जागा चुकीची होती. त्याबद्दल परिपत्रक काढले.

परिपत्रक कोणी फाडले नाही. कोणी वाचलेही नाही. सगळे त्याच्या हाताकडे बघत होते, आणि मग माझ्याकडे.

२३ फेब्रुवारी, रविवार

निकालाची सभा. शिवरात्रीच्या गर्दीमुळे रिक्षा बरीच अलीकडे थांबली. चालत गेलो, समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा दिवा फुलबाजीसारखा फुटत होता. दिवसाढवळ्या दिवे लावून हिंडतात.

तेवीस जण हजर. भय्यासाहेब उठून म्हणाले, "विनायकराव, मला वाटते ही नियमावली आपण रद्द करून टाकू. सगळे आपलेच लोक आहेत." बावीस हात वर. शैलेंद्रचाही, पट्टी बांधलेला.

अपराध्याला वाचवण्यासाठी एवढी एकजूट! मी एकटा विरोधात उभा राहिलो. पाऊण तास बोललो. हाराची आठवण दिली, टॉवेलची दिली. क्रमांक अकराचे नाव याच सभेत, मोठ्याने वाचले जावे, अशी मागणी केली. मृण्मयी रडू लागली.

भय्यासाहेबांनी यादी माझ्या हाती ठेवली. "तुम्हीच वाचा."

खिडकीशी नेली. त्यांचे अक्षर पूर्वीपासून अवाचनीय. शैलेंद्रला वाचायला सांगितले.

"चार नंबर," तो म्हणाला, "वो मेरा है, सर।"

मग थांबला. मी म्हणालो, पुढे वाच. त्याने वाचले नाही. पुढे आला आणि पट्टी बांधलेल्या हाताने माझ्या तळहातावर एक कडे ठेवले. मृण्मयीने ओढणीच्या गाठीतून तांब्याच्या हाराचे दोन तुकडे काढून त्याशेजारी ठेवले. तिन्हींच्या मागे ठसा होता. डोळ्यांना दिसला नाही, पण बोटाला लागला. माझ्या नावाचा, मी स्वतः कोरलेला ठसा आहे.

कड्याच्या सांध्यावरून नख फिरवले. नखे कालच कापली होती.

अडले.

किल्ली टेबलावर ठेवली. कोणी उचलेना. शैलेंद्र म्हणाला, "सर, आँखें ठीक होते ही कड़े में टाँका लगाते हैं। पकड़ूँगा मैं।" मी सभेच्या इतिवृत्तात याची नोंद केली नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९

प्रति,
सचिव, अवंती धातुकला मंडळ, उज्जैन.
विषय: क्रमांक अकराच्या निकालाविरुद्ध अपील.

महोदय,

परीक्षकाने शेऱ्यात म्हटले आहे की, घडवणाऱ्याला एकतर दिसत नाही किंवा त्याला लाज नाही. अर्जदाराला लाज आहे. काल तेवीस जणांच्या सभेत ती सिद्ध झाली. सबब शेऱ्याचा एकच पर्याय उरतो, आणि तो केवळ तर्काने मान्य करणे अर्जदाराच्या शिक्षणात बसत नाही. पुराव्यासाठी अर्जदार आज अकरा वाजता पत्नीसमवेत कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जात आहे. पाटी तिरकी नसून सरळच आहे, असे पत्नीचे म्हणणे आहे. तेही तपासले जाईल.

तोपर्यंत अर्जदार टॉर्च पेटवणार नाही. किल्ली मात्र दुसऱ्या कोणास देऊ नये.

नियमानुसार सात दिवसांत उत्तर मिळावे. उत्तर लेखीच हवे. अक्षर मोठे असावे.