रेषेबाहेर पडलेला चेंडू

पुणे, रविवार

चि. सौ. वच्छला, तुझ्या ताईचे दुरून आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. सकाळी सोसायटीच्या कोर्टावर टेनिस शिकते, हसू नकोस. सूनबाई हिमानीच शिकवते. रॅकेट लाटण्यासारखी हलक्या हाताने धरायची, चेंडूवरची नजर काढायची नाही, आणि हात फिरवण्याआधी पाय हलवायचे. एवढं जमलं की या वयातही खेळता येतं.

पण मी रोज जिंकते, आणि तिथेच पाणी मुरतंय. पांढुर्ण्याचा व्यापारी संत्र्याच्या बागेला नावं ठेवतच सौदा करतो. तो गोड बोलू लागला की आपले बापूजी सावध व्हायचे. म्हणून काल मी मुद्दाम चेंडू रेषेच्या हातभर बाहेर मारला.

हिमानी म्हणाली, "आत पडला, आई! काय मस्त खेळून राहिल्या तुम्ही!"

कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला इंग्रजी शिकवलं, भोळेपणा नाही. माझा हात थरथरतो म्हणून आपण नागपूरला डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा तू म्हणालीस, "ताई, तू बाहेर बस, मी बोलून येतो." आलीस ती हसत. तेव्हापासून मला कुणी उलट बोललेलं नाही.

सौंसरला थंडी पडली का? जावईबापूंचा खोकला थांबला का?

आणि डॉक्टर काय म्हणाले ते लिही. चेंडू बाहेर पडला असेल, तर बाहेर पडला असंच लिही.

तुझी,
शकुंतलाताई

ता. क. अक्षर वाकडं आलंय. पेन खराब आहे.